अणुरचनेचा धडा कोणाचा

माझी बायको माझ्यापेक्षा चांगलं शिकवते, हे वाक्य कागदावर उतरवायला मला निवृत्त व्हावं लागलं. नोकरीत असताना मी "तीही छान शिकवते" असं म्हणायचो. त्या "ही"मध्ये मी स्वतःला बरोब्बर तिच्या पुढं उभं करून घ्यायचो आणि वर मोठं मन दाखवल्याचं समाधानही मिळवायचो.

आम्ही दोघंही लातूरला एकाच कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होतो. मी कंधार तालुक्यातला, ती नांदेडची. मी तिच्या पाच वर्षं आधी लागलो. लग्नानंतर तिचं बी.एड. झालं, आमच्याच कॉलेजात जागा निघाली आणि तिचा अर्ज मी माझ्या हातानं लिहून दिला. अर्ज मी लिहिला होता, हे मी पुढं गरज नसताना बऱ्याच जणांना सांगत आलो.

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. दुकानांच्या पाट्यांवरचं "जि. उस्मानाबाद" खरवडून त्यावर "जि. लातूर" रंगवणं चालू होतं आणि पेंटरला जेवायला फुरसत नव्हती. पाऊस मात्र सलग दुसऱ्या वर्षी रुसलेला. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, कॉलेजच्या बोअरचं पाणी खारट. त्या पाण्यात डाळ शिजेना आणि साबणाला फेस येईना. प्रयोगशाळेत ऊर्ध्वपातन करून शुद्ध पाणी काढायचं तर कंडेन्सरमधून बादल्याच्या बादल्या थंड पाणी सोडावं लागतं. लोक हंड्यासाठी भांडत असताना आम्ही पाणी असं वाहून घालवणं बरं दिसलं नसतं, म्हणून ते यंत्र हिवाळ्यापासून बंद होतं.

आमच्याकडं अकरावीची सुरुवात अणुरचनेच्या धड्यानं व्हायची, आणि तो धडा माझा. दरवर्षी जूनमध्ये आम्ही शिक्षक बसून धडे वाटून घ्यायचो. तिसरे एक ज्येष्ठ सर होते, त्यांना सेंद्रिय रसायनाशिवाय कशातच गोडी नव्हती, त्यामुळं अणुरचनेवर माझा हक्क कोणी विचारतही नसे. जो पहिला धडा शिकवतो, मुलं त्याचीच होतात, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असतं. वर्षभर पुढं कोणीही येऊन काहीही शिकवो, पोरं पहिल्या माणसाला आपला मानतात.

माझं भांडवल म्हणजे माझा गोल. खडू टेकवायचा आणि एका दमात, हात न उचलता, फळ्यावर हातभर व्यासाचा गोल काढायचा. मग त्याच्या बाहेर दुसरा, तिसरा, सगळे एकाच केंद्राचे. मधे केंद्रक, कडेनं फिरणारे इलेक्ट्रॉन. पोरं टाळ्या वाजवायची. माझ्या गोलाला त्यांनी गावातल्या बाजाराच्या नावावरून "गोलाई" म्हणायला सुरुवात केली आणि मी रागावल्यासारखं करून मनात खूश व्हायचो. पुढं ऑर्बिटल आलं की माझी गाडी जरा अडखळायची. "एस गोल, पी डंबेलसारखं, पाठ करा, परीक्षेत येतं," असं सांगून मी पुढं सटकायचो. डंबेल आमच्या पोरांनी कधी पाहिलेलं नव्हतं. मीही एम.एस्सी.ला गेल्यावर पहिल्यांदा पाहिलं.

त्या जूनमध्ये मला प्रवेश समितीवर टाकलं. सकाळचे तास जाणार होते, म्हणून मी तिला म्हटलं, यंदापुरती अणुरचना तू घे. यंदापुरती, हे मी दोनदा म्हटलं.

पंधरा दिवसांनी प्रवेशाचं काम आटोपलं. मी प्रयोगशाळेत सामान बघत होतो आणि पलीकडच्या वर्गातून हशा ऐकू आला. रसायनशास्त्राच्या तासाला हशा म्हणजे कोणीतरी काहीतरी फोडलं असणार, असं वाटून मी व्हरांड्यात गेलो. खिडकीच्या बाजूला उभा राहिलो. आत ती शिकवत होती आणि फळ्यावर एक हापसा काढलेला होता.

ती सांगत होती की समोरच्या माडीवरून दर पाच मिनिटाला या हापशाचा एक फोटो काढायचा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. आपली शेजारची मावशी प्रत्येक फोटोत जिथं दिसेल तिथं खडूनं एक ठिपका द्यायचा. मग सगळे ठिपके एकावर एक ठेवायचे. काय दिसंल? असं विचारून ती ठिपके देऊ लागली. हापशाजवळ दाट, खडूचा आवाज टकटकटक. लांब जाईल तसे विरळ. आणि पार फळ्याच्या कोपऱ्यात, चाकूरच्या वाटेवर म्हणून, एकच ठिपका. "ही मावशी पाण्याला कंटाळून माहेरी गेली," ती म्हणाली, त्यावर पुन्हा हशा झाला. मावशी आत्ता नेमकी कुठं आहे हे सांगता येणार नाही, पण ती कुठं सापडण्याचा संभव जास्त, हे या ठिपक्यांवरून सांगता येतं. हा ठिपक्यांचा ढग म्हणजे ऑर्बिटल.

मी तिथून निघून जायला हवं होतं, पण उभा राहिलो. त्यानंतर तिनं बारव काढली. पाणी खाली खाली गेल्यामुळं त्या वर्षी सगळ्यांनी बारवेच्या अशा पायऱ्या पाहिल्या होत्या ज्या आयुष्यात पाहिल्या नव्हत्या. पायरीवर उभं राहता येतं, दोन पायऱ्यांच्या मधे उभं राहता येत नाही. इलेक्ट्रॉनचंही तसंच. फक्त त्याच्या बारवेच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत, वर जाऊ तशा जवळ जवळ येतात. उष्णता मिळाली की तो वरच्या पायरीवर चढतो, आणि खाली उतरताना दोन पायऱ्यांमधला फरक प्रकाश म्हणून बाहेर टाकतो. प्रत्येक मूलद्रव्याची बारव वेगळी, म्हणून प्रत्येकाचा रंग वेगळा.

मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं की त्याचा मोठा भाऊ सरांचे गोल सांगतो, त्या गोलांचं काय. माझे कान टवकारले गेले. ती म्हणाली, सुरुवात त्या गोलांनीच झाली, गणिताला ते सोपे पडतात, पण इलेक्ट्रॉन रेघेवरून चालत नाही. तिनं माझी चेष्टा केली नाही, कमीपणाही दाखवला नाही. तिनं चेष्टा केली असती तर बरं झालं असतं, घरी जाऊन भांडता आलं असतं. ती जे बोलली ते खरंच होतं आणि त्यामुळंच माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

त्यानंतर घराला शाळेचं रूप आलं. संध्याकाळी दार वाजायचं, मी उघडायचो, दोन-तीन पोरं-पोरी वह्या धरून उभी. "मॅडम हायेत का?" मी म्हणायचो, मी आहे की, काय अडलंय? पोरं एकमेकांकडं बघायची. "न्हाई सर, मॅडमलाच विचारायचं हुतं." मग मी बाजूला व्हायचो आणि आतल्या खोलीत पेपर उघडून बसायचो. पेपरातली एक ओळ डोक्यात शिरायची नाही, सगळं लक्ष बाहेरच्या खोलीत. ती शिकवताना कुठं चुकते का, हे मी ऐकत असायचो. एकदा एक आकडा चुकला तेव्हा मी इतक्या उत्साहानं बाहेर गेलो की पोरं दचकली. तिनं "हाव, बरोबर हाय तुमचं" म्हणून आकडा खोडला आणि पुढं सांगू लागली. मी परत पेपराकडं गेलो.

मला तिचा मत्सर वाटत होता. दुसरा कुठला शब्द लावून उपयोग नाही. परक्या माणसाचा वाटला असता तर बाहेर चार मित्रांत त्याला नावं ठेवून मोकळा झालो असतो. इथं जिच्यामुळं पोटात दुखत होतं तिच्याच हातची भाकरी खात होतो. आणि ती पाण्याच्या टंचाईत आधी माझ्या अंघोळीची बादली भरून मग कॉलेजची तयारी करायची, हेही दिसत होतं.

मग नव्या जिल्ह्यातल्या विज्ञान शिक्षकांचा पहिला मेळावा आमच्या कॉलेजात घ्यायचं ठरलं. आधी असं काही असलं की सगळे उस्मानाबादला जायचे. आता आपल्या गावात, आपल्या जिल्ह्याचा. त्यात एक प्रात्यक्षिक पाठ रसायनशास्त्राचा. मी घरी कोणाला न सांगता मनात पाठ बसवायला घेतला, गोल कुठून सुरू करायचा हेही ठरवलं. प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी शर्ट नीट करून गेलो. त्यांनी चहा दिला, पावसाचं विचारलं आणि म्हणाले की मॅडमना जरा पाठवून द्या, प्रात्यक्षिक पाठ त्यांनीच घ्यावा असं वाटतंय. मी म्हटलं, अगदी योग्य. चहा अर्धा राहिला होता, तो तसाच ठेवून उठलो.

तिनं ज्योतीची परीक्षा दाखवायची ठरवली. प्लॅटिनमची तार आम्लात बुडवून स्वच्छ करायची, क्षार लावून बर्नरच्या ज्योतीत धरायची, आणि प्रत्येक धातूचा रंग बघायचा. तांब्याचा हिरवा, स्ट्रॉन्शियमचा लालभडक हे रंग कसेही दिसतात. तिचा जीव पोटॅशियमवर होता. पोटॅशियमचा फिका जांभळा रंग फार नाजूक. त्यात मिठातल्या सोडियमचा अंश जरी शिरला तरी पिवळा रंग त्याला पुरता झाकून टाकतो. निळ्या काचेतून बघितलं तर पिवळा अडतो आणि जांभळा दिसतो, पण काच आमच्याकडं एकच होती आणि शिक्षक येणार होते पन्नासेक. सगळ्यांना एकदम, नुसत्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे, असा तिचा हट्ट. त्यासाठी आम्ल पातळ करायलाही आणि तार धुवायलाही शुद्ध पाणी हवं. बोअरच्या पाण्यावर तिनं आदल्या दिवशी करून पाहिलं तेव्हा पोटॅशियम दर खेपेला पिवळंच जळत होतं. मी दारात उभा राहून ती पिवळी ज्योत बघत होतो आणि मला, सांगायला लाज वाटते, बरं वाटत होतं.

माझ्या कुलपाच्या कपाटात काचेच्या मोठ्या बाटलीत निम्म्याहून जास्त शुद्ध पाणी होतं. बोर्डाच्या प्रात्यक्षिक परीक्षेसाठी राखून ठेवलेलं. परीक्षेला अजून अवकाश होता आणि तिला लागणार होतं फार तर दोन पेले.

तिनं हात पुसत विचारलं, "डिस्टिल्ड हाय का थोडं तुमच्याकडं?"

"न्हाई. संपलं."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग "बरं" म्हणून बर्नर बंद केला. कपाटाची किल्ली त्या वेळी माझ्या खिशात होती आणि माझा हात त्याच खिशात होता.

मेळाव्याच्या दिवशी मी सगळ्यात मागं बसलो. खिडक्यांना सतरंज्या बांधून खोली अंधारी केली होती. गावोगावचे शिक्षक, निलंगा-उदगीरकडचे, बाकांवर दाटीनं बसलेले, उकाड्यानं घामाघूम. मावशीचा हापसा झाला, बारव झाली. हसण्याचा आवाज मी आता ओळखू लागलो होतो. मग तिनं बर्नर पेटवला. मला ठाऊक होतं काय होणार. तांबं हिरवं जळेल, स्ट्रॉन्शियम लाल जळेल, आणि पोटॅशियमला ती सांगेल एक आणि दिसेल पिवळं. खरं लिहायचं म्हटलं तर मी त्या पिवळ्या ज्योतीची वाट बघत बसलो होतो.

तिनं तार ज्योतीत धरली आणि जांभळा रंग उठला. फिका, वांग्याच्या फुलासारखा. चार-पाच सेकंद राहिला आणि गेला. तिनं तार पुन्हा आम्लात बुडवली, पुन्हा क्षार, पुन्हा जांभळा. मग टेबलावरच्या दुसऱ्या पेल्यात तार बुडवली आणि ज्योतीत धरली, तर पिवळाधमक. हे आपल्या कॉलेजच्या बोअरचं पाणी, तिनं सांगितलं. यात मीठ किती आहे ते जिभेला कळतं, पण ज्योत त्याचं नावही सांगते. एका शिक्षकानं लगेच विचारलं की आमच्या गावच्या आडाचं पाणी आणलं तर कळेल का. दुसरा म्हणाला आमच्याही. पाठ संपल्यावर अर्धा तास लोक टेबलाभोवती उभे होते.

आम्लासाठीचं शुद्ध पाणी कुठून आलं, ते शिपायाकडून कळलं. मॅडम सकाळीच स्टँडजवळच्या बॅटरीच्या दुकानात गेल्या होत्या आणि गाड्यांच्या बॅटरीत घालायचं पाणी घेऊन आल्या होत्या. एवढं साधं. ते मला सुचलंच नव्हतं, कारण मी तिचं कसं अडेल एवढाच विचार केला होता.

लोक पांगत होते तेव्हा एक वयस्कर मुख्याध्यापक माझ्याकडं आले. त्यांनी माझा हात हातात घेतला. ती तिथंच, चार हातांवर, घमेल्यात नळ्या विसळत होती.

"सर, बाईंकडून तयारी झकास करून घेतली तुम्ही," ते म्हणाले. "पाठ तुमचाच असणार, मला दिसत हुतं."

नाही म्हणायला एक क्षण पुरला असता. मी हसलो आणि म्हणालो, "थोडंफार."

नळ्यांचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

घरी जाताना आम्ही गोलाईतून चालत निघालो. ती नेहमीसारखी भाजी बघत चालली होती, भाव विचारत होती, घेत काहीच नव्हती. मला ते गप्प चालणं सोसेना. मी म्हटलं, पाणी होतं. माझ्या कपाटात होतं, मी नाही म्हणालो.

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "दिवाळीत स्टॉक मीच लिहिला हुता."

मग विचारलंस कशाला, मी म्हटलं. आवाज चढला होता माझा, जसा काही तिनंच मला फसवलं होतं.

ती थांबली. "पाणी काय, दुकानात मिळतंच. तुम्ही देता का, ते बघायचं हुतं."

एवढंच बोलून ती पुढं चालू लागली. त्या संध्याकाळी तिनं दार नेहमीसारखं उघडलं, स्वयंपाक नेहमीसारखा केला. थोडंफार या शब्दाबद्दल ती तेव्हाही बोलली नाही आणि पुढंही कधी नाही. मी मात्र कित्येक दिवस तिचं भांडण यायची वाट बघत राहिलो. भांडण झालं असतं तर फिट्टंफाट झाली असती.

पुढच्या जूनमध्ये धडे वाटायला बसलो. तिनं कागद ओढून घेतला आणि अणुरचनेसमोर माझं नाव लिहिलं. यंदापुरतं म्हणाला होता ना, असं म्हणून कागद माझ्याकडं सरकवला. टोमणा नव्हता. तिनं शब्द पाळला होता. ज्याच्यासाठी वर्षभर जळलो ते असं फुकट हातात आलं.

कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी पाठ काढायला बसलो. गोल मला काढता येत होते, पण ते आता काढवत नव्हते. तिचा हापसा मी बाहेरून ऐकला होता, अर्धा. पी ऑर्बिटलचे दोन गोळे ती कशावरून सांगते, मधल्या रिकाम्या जागेचं काय करते, पोरं तिथं कुठला प्रश्न विचारतात, यातलं मला काहीच माहीत नव्हतं. जिला मी दोन पेले पाणी नाकारलं होतं तिलाच विचारण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. दुपारभर मी टाळलं. शेवटी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन, तिच्याकडं न बघता म्हटलं, तुझी वही मिळेल का जरा.

तिनं हात धुतले, पदराला पुसले, आतून वही आणून दिली. मग पाट ओढून बसली आणि पहिल्या पानापासून सगळं सांगितलं. पोरं कुठं अडतात, कुठं थांबायचं, कुठं त्यांना हसू द्यायचं, काहीही हातचं न राखता. मधे एकदा चूल विझली तेव्हा ती उठली, बाकी अंधार पडेपर्यंत बसून होती.

मला तिच्या वर्गातल्या हशाचा मत्सर वाटला होता, पोरांचा वाटला होता, त्या जांभळ्या ज्योतीचाही वाटला होता. पण त्या संध्याकाळी ती ज्या सहजपणे देत होती, त्याचा जो मत्सर मला वाटला, तो अजून गेलेला नाही.